मराठी लिहायला जुना पोर्टेबल कॉम्प्युटर आणावा का? भाचा विचारतोय

कारेलीबाग_वासंती

नमस्कार. मी बडोद्यात राहते, गुजराती-मराठी भाषांतराची कामं करते. कोर्टाची कागदपत्रं, जमिनीचे जुने दस्त, वारसनोंदी असलं सगळं. ते काम ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर चालतं आणि त्याबद्दल काही म्हणणं नाही. प्रश्न माझ्या स्वतःच्या लिखाणाचा आहे.

दांडिया बाजारात आमचा वाडा होता. आजोबांच्या काळापासून तिथे राहून गेलेली माणसं मी लिहून काढतेय. माडीवरचे भाडेकरू, राजवाड्यात नोकरीला असलेले दोघे भाऊ, बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणारी आजी, समोरच्या पोळमधली, म्हणजे गल्लीतल्या वस्तीतली, गुजराती घरं. त्या घरांतल्या बायका आईशी गुजरातीत बोलायच्या, आई मराठीत उत्तर द्यायची आणि कुणाचंही अडायचं नाही. ती बोलणी मला तशीच हवी आहेत, गुजराती वाक्य गुजराती लिपीत आणि मराठी देवनागरीत.

लॅपटॉपवर हे लिहायला बसलं की काहीतरी मधे येतंच. ऑफिसचा मेल, अपडेटची सूचना, कुणाचा मेसेज. ओटल्यावर बसून दोन म्हाताऱ्या एकमेकींना काय म्हणाल्या हे आठवायला एक तंद्री लागते, ती एकदा मोडली की त्या दिवशी परत येत नाही. शिवाय कीबोर्ड चपटा आणि पडदा रुंद पण बुटका. देवनागरीला दोन ओळींत अंतर जास्त लागतं, त्यामुळे एका वेळी जेमतेम एक परिच्छेद नजरेत राहतो.

दुसरं कारण विजेचं. २०२४ च्या ऑगस्टअखेरीला विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्याकडे लाइट गेली ती लवकर आलीच नाही. लॅपटॉप पहिल्याच दिवशी संपला. मग वहीत लिहिलं. या सगळ्या लिखाणातला सगळ्यात जिवंत भाग त्याच दिवसांतला आहे असं मला मनापासून वाटतं. पण नंतर ते सगळं पुन्हा टाइप करायचं म्हणजे डोळे आणि मान दोन्ही जातात.

आता भाचा. तो अमेरिकेत असतो, त्याला जुन्या यंत्रांचा नाद आहे. डिसेंबरात येतोय आणि म्हणतो, मावशी, तुला एक घेऊन येतो. त्याच्यासमोर दोन पर्याय आहेत. एक टीआरएस-८० मॉडेल १००, १९८३ चा. चार पेन्सिल सेलवर वीसेक तास चालतो, बटण दाबलं की तत्काळ लिहायला तयार, पडदा आठ ओळींचा. दुसरा अल्फास्मार्ट निओ, २००४ चा. तीन पेन्सिल सेलवर सातशे तास चालेल असं कंपनी सांगायची. दोन्हींत मेल नाही, मेसेज नाही, काही नाही. फोटो पाहिल्यापासून माझं मन त्या मॉडेल १०० वर बसलंय.

पण तो इंग्रजीत लिहितो आणि मी मराठीत. "यावर मराठी उमटेल का?" असं विचारलं तर त्याला सांगता येईना. माझी बोटं इनस्क्रिप्टवर, म्हणजे प्रत्येक कीला ठरलेलं देवनागरी अक्षर असलेल्या कीबोर्डवर, बसलेली आहेत; उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरं दाबायचं फोनेटिक मी वापरत नाही. कुणी अशा यंत्रावर मराठी लिहिलंय का? की हा विचार सोडून सरळ नवा लॅपटॉप घेऊ? त्याला या महिन्यात सांगायचं आहे.

मांजलपूरकर

ताई, माझं मत विचाराल तर नवा घ्या. पंखा नसलेले लॅपटॉप आता मिळतात, आवाज शून्य. बॅटरी दिवसभर पुरते. आणि पुराचा मुद्दा तुम्ही काढलात म्हणून सांगतो, नवे लॅपटॉप टाइप-सी केबलने चार्ज होतात, म्हणजे मोठी पॉवर बँक भरून ठेवली की लाइट नसतानाही आणखी एक दिवस निघतो. जुन्या लॅपटॉपला ही सोय नाही.

मेसेजसाठी उपाय सोपा आहे. लिखाणासाठी लॅपटॉपवर वेगळं यूजर अकाउंट करा, त्यात मेल किंवा मेसेज काही टाकूच नका, आणि बसताना वाय-फाय बंद. मी परीक्षेचा अभ्यास असाच केला. पडद्याचं म्हणाल तर बुटके पडदे मागे पडत चालले आहेत, हल्ली बरेच लॅपटॉप रुंदी-उंचीच्या सोळा-दहा प्रमाणातले येतात, काही तर तीन-दोनचे. मराठीला ते नक्कीच बरे.

रावपुरा_जुळारी

वासंतीताई, मी रावपुऱ्यात छापखान्यात नोकरी केली. सुरुवात अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून, शेवट डीटीपीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावण्यावर. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. तुमचा प्रश्न वरून इंग्रजीत लिहिणाऱ्या माणसाच्या प्रश्नासारखा दिसतो, पण मराठीत तो वेगळाच होऊन बसतो.

मॉडेल १०० हे फार नेटकं यंत्र होतं. बांधणी जपानच्या क्योसेरा कंपनीची, अमेरिकेत टँडी ते रेडिओ शॅकच्या दुकानांतून विकायची. आतले प्रोग्राम मायक्रोसॉफ्टचे, खुद्द बिल गेट्स यांचा हात त्यात होता. वजन दीड किलोच्या आत. वार्ताहर लोक हे मांडीवर ठेवून बातमी लिहायचे आणि आतल्याच मोडेमने टेलिफोनच्या तारेवरून ऑफिसात धाडायचे, सेकंदाला साधारण तीस अक्षरं या वेगाने. यंत्र इतकंच करतं म्हणून ते इतकं चांगलं करतं, आणि तुमचं मन तिथे का गेलं ते मला नीट कळतं.

पण त्याचा पडदा २४० बाय ६४ ठिपक्यांचा आहे. आडवी चाळीस अक्षरं, उभ्या आठ ओळी. भागाकार केला तर एका अक्षराच्या वाट्याला सहा ठिपके रुंदी आणि आठ ठिपके उंची येते. रोमन अक्षर त्यात सुखाने मावतं. आता त्या आठ ठिपक्यांत "दृष्टी" बसवून पाहा. शिरोरेषा, द च्या पोटाखाली ऋकार, ष ला जोडलेला ट, वर दीर्घ वेलांटी. बसतच नाही. आणि बसवायची कुणी सोयही केली नव्हती, कारण ते यंत्र बाजारात आलं तेव्हा देवनागरीसाठी सर्वमान्य संकेतच, म्हणजे कुठल्या अक्षराला कॉम्प्युटरच्या पोटात कुठला आकडा ते, ठरलेला नव्हता. भारतीय लिप्यांचा इस्की नावाचा संकेत प्रमाण म्हणून पक्का झाला १९९१ मध्ये. जगातल्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या संकेताची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची.

मधल्या काळात, विंडोजच्या आधीच्या डॉसवर मराठी अजिबात नव्हती असं नाही. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलं आणि जिस्ट कार्ड आलं. ते टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या आत खाचेत बसवायचं, मग वर्डस्टारसारख्या इंग्रजी प्रोग्राममध्येसुद्धा देवनागरी उमटायची. आम्ही डोळे फाडून पाहत बसलो होतो. त्यात एक गोष्ट बडोद्याला अगदी सोन्यासारखी होती. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच संकेत असल्यामुळे मजकूर एकदा टाइप केला की लिपी बदलून तोच गुजरातीत दिसायचा. ज्या घरी मराठी आणि गुजराती दोन्ही निमंत्रणं जायची त्यांची नावं, गावं, पत्ते पुन्हा टाइप करावे लागत नसत. पण ती खाच टेबलावरच्या कॉम्प्युटरला होती. तुमच्या भाच्याकडच्या छोट्या यंत्रांना ती नाही, त्यामुळे मराठीसाठी तो मार्ग तेव्हाही बंद होता.

मग विंडोज आलं आणि फाँटचं राज्य सुरू झालं. प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या पद्धतीने मराठी चित्रं बसवली. एकाचा क दुसऱ्याकडे भलताच काही. पडद्यावर मराठी दिसायचं, पण फायलीच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असायची. आम्ही एका मंडळाची मोठी स्मरणिका केली होती. जुन्या लोकांनी बडोद्याच्या आठवणी लिहिल्या होत्या, काहींनी हाताने लिहून पाठवलं ते मी स्वतः टाइप केलं. आज ती फाइल माझ्याकडे आहे, फाँट नाही. उघडली की अक्षरांचा नुसता चुराडा. बदलून देणारे प्रोग्राम मिळतात, पण त्यांतून रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि ऱ्हस्व वेलांटी शेजाऱ्याकडे. लिहिणाऱ्यांपैकी बरीच माणसं आता नाहीत. छापील प्रत ज्याच्या घरी उरली असेल तिथेच ते लिखाण उरलंय. मला हे आजही टोचतं.

म्हणून यंत्र जुनं की नवं हे मी नंतर बघेन. आधी बघेन की त्यातून मजकूर युनिकोडमध्ये, साध्या टेक्स्ट फायलीत बाहेर पडतो का. तुमच्या वाड्यातली माणसं एखाद्या बंद पडलेल्या यंत्राच्या पोटात अडकायला नकोत.

या कसोटीवर सीमा साधारण २००० सालाच्या आसपास पडते. विंडोज २००० आणि त्यानंतरच्या एक्सपीपासून युनिकोड देवनागरी नीट जुळू लागली, एक्सपीत ती मुद्दाम चालू करावी लागायची एवढंच. विंडोज ९८ वर अडकलेला कितीही देखणा लॅपटॉप असो, मराठीसाठी सोडून द्या.

त्या सीमेच्या अलीकडे मात्र जुन्यात खरंच हिरे आहेत. थिंकपॅडचे २०११ पर्यंतचे लॅपटॉप पाहा. त्यांतल्या बहुतेकांना सात ओळींचा कीबोर्ड आहे, बटणं मधे खोलगट, बोट आपोआप जागेवर बसतं. २०१२ च्या मॉडेलांपासून तो बदलून सहा ओळींचा चपटा झाला. झाकणाच्या वरच्या काठाला एक छोटा दिवा असतो, तो कीबोर्डवर उजेड पाडतो. रात्री घरातल्यांना न उठवता लिहायचं तर असा दिवा मला दुसरीकडे दिसला नाही. बॅटरी मागून सरकवून निघते, म्हणजे दुसरी भरून ठेवता येते.

उंचीचा मुद्दा तुम्ही अचूक पकडलात. २००७ च्या एक्स६१ चा पडदा १२.१ इंची, जुन्या चार-तीन प्रमाणाचा. उंची अठरा सेंटिमीटरच्या वर. २०११ चा एक्स२२० कागदावर १२.५ इंची, म्हणजे मोठा, पण सोळा-नऊच्या प्रमाणामुळे उंची साडेपंधरा सेंटिमीटरच्या आसपासच. रोमन लिपीवाल्याला हे तीन सेंटिमीटर फार खुपत नाहीत. आपल्याला तीन-चार ओळी कमी दिसतात.

यावर जुनं विंडोज ठेवू नका, सुरक्षिततेची अपडेटं कधीच थांबली आहेत आणि विंडोज ११ यांना अधिकृतपणे चालत नाही. विंडोजच्या जागी हलकं लिनक्स घाला, ती मोफत प्रणाली आहे. त्यातला डेबियन हा प्रकार आणि त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप मला पुरतो. इनस्क्रिप्ट त्यात आहे, मराठी आणि गुजराती दोन्ही, आणि व्यंजनांच्या जागा दोन्हींत त्याच, त्यामुळे तुमची बोटं तीच राहतील. लिहायला फोकसरायटर नावाचा प्रोग्राम घ्या, पूर्ण पडदा व्यापतो आणि मजकुराखेरीज काही दाखवत नाही. एक मात्र सांगतो. लिनक्सची मंडळी काळ्या पडद्याच्या टर्मिनलवर लिहायचा आग्रह करतील. इंग्रजीला ते छान. देवनागरीची जोडाक्षरं आणि मात्रा तिथे विस्कटतात, नादी लागू नका.

निओ मी हाताळलेला नाही, त्याबद्दल बोलत नाही.

तुकोगंज

मी इंदूरचा. महाराष्ट्र मंडळाच्या हौशी नाटकांसाठी एकांकिका लिहितो, आणि निओ वापरतो, मराठीसाठीच. काकांनी मॉडेल १०० बद्दल लिहिलं ते सगळं निओच्या पडद्यालाही लागू आहे, त्यावर देवनागरी दिसत नाही. तरीही मराठी लिहिता येतं. कसं ते सांगतो, कारण इनस्क्रिप्टवाल्यालाच ते जमतं आणि ताईंना ते येतं.

साध्या वापरात निओ कॉम्प्युटरला फाइल देत नाही. केबल जोडायची, सेंड दाबायचं, की तो स्वतःला कीबोर्ड म्हणवतो आणि तुम्ही लिहिलेली एकेक की पुन्हा दाबून दाखवतो. कॉम्प्युटरला वाटतं समोर कुणीतरी भराभर टाइप करतंय. आणि कुठल्या कीला कुठलं अक्षर हे कॉम्प्युटर ठरवतो, निओ ठरवत नाही. तेव्हा कॉम्प्युटरवर मराठी इनस्क्रिप्ट निवडून ठेवायचं आणि निओवर इनस्क्रिप्टच्या जागांवरच टाइप करायचं. "पाऊस" लिहिताना बोटं जातात एच, ई, शिफ्ट-टी, एम वर. निओच्या पडद्यावर ती चार रोमन अक्षरं दिसतात. सेंड केलं की लॅपटॉपवर "पाऊस" उतरतो, शुद्ध युनिकोडमध्ये. "इंदूर" म्हणजे शिफ्ट-एफ, एक्स, ओ, टी, जे. "वाऱ्यावर" मधला तो र सुद्धा बरोबर येतो, शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ. फोनेटिक टाइप करणाऱ्याला हे साधत नाही. तिथे प्रोग्राम अंदाज करून शब्द सुचवतो, आणि इतक्या वेगाने कळा पडल्या की तो गोंधळतो. इनस्क्रिप्टमध्ये अंदाज नाहीच, एका कीला एक खूण.

आता काय जमत नाही ते. लिहिलेलं वाचता येत नाही. सवयीने थोडंफार कळतं, पण "मागच्या पानावर काय म्हटलं होतं" हे निओवर शोधणं व्यर्थ. संवाद लिहायला मला हेच मानवलं. पात्र बोलत सुटतं आणि मी मागे वळून त्याची भाषा घासत बसत नाही. पण दुरुस्ती, क्रम लावणं, काटछाट हे सगळं नंतर लॅपटॉपवर. दोन्ही कामं निओवर करायला जाल तर वैतागाल.

अवतरणचिन्हांची कीच इनस्क्रिप्टमध्ये ट आणि ठ ने घेतली आहे, त्यामुळे अवतरणं मी नंतर घालतो. प्रश्नचिन्हंही. लांब फाइल उतरायला काही मिनिटं लागतात, तेवढा वेळ लॅपटॉपला हात लावायचा नाही, नाहीतर मजकूर भलत्याच खिडकीत जाऊन पडतो. पडद्याला आतून उजेड नाही, त्यामुळे लाइट गेल्यावर सेल असूनही टॉर्च किंवा कंदील हवाच. कीबोर्ड पूर्ण आकाराचा आणि बरा आहे, थिंकपॅडइतका नाही.

आठ फायली, आठ बटणांवर. मी प्रत्येक पात्राला एक बटण देतो.

कारेलीबाग_वासंती

सगळ्यांचे मनापासून आभार. जुळारीकाका, स्मरणिकेचं वाचून मी उठून आमच्या घरातली जुन्या कार्यक्रमांची छापील पुस्तकं काढली. तुमच्या छापखान्यातली आहेत का ठाऊक नाही, पण आता ती मी स्कॅन करून ठेवणार.

मॉडेल १०० चा हट्ट सोडला. आठ ठिपक्यांत दृष्टी बसत नाही हे काकांनी दाखवल्यावर बोलायला काही उरलंच नाही.

तुकोगंजदादा, एकच शंका. माझ्या लिखाणात मधेच गुजराती वाक्य येतं. निओवर लिहिताना त्याचं काय करायचं? आणि काका, थिंकपॅड सयाजीगंजात मिळेल का, घेताना काय बघू? मला त्यातलं काही कळत नाही, दुकानदार म्हणेल ते घेऊन येईन अशी भीती वाटते.

तुकोगंज

गुजरातीचं मी कधी करून पाहिलं नव्हतं, म्हणून काल रात्री पाहिलं. निओवरची तीच फाइल, लॅपटॉपवर आधी मराठी इनस्क्रिप्ट ठेवून पाठवली आणि मग गुजराती इनस्क्रिप्ट ठेवून. दुसऱ्या वेळी अख्खा मजकूर गुजराती लिपीत उतरला. जागा त्याच असल्यामुळे बोटांना काही वेगळं करावंच लागत नाही. म्हणजे तुम्ही गुजराती संवाद दुसऱ्या फायलीत लिहा, एफ-२ वर म्हणा, मूळ मजकुरात त्या जागी आकडा टाका, आणि लॅपटॉपवर जोडून घ्या. एका फायलीत मधेच लिपी बदलणं मात्र होणार नाही.

मला स्वतःला हे पाहताना फार आनंद झाला. आमच्याकडे माळवी आणि हिंदी संवाद असतात, लिपी एकच, त्यामुळे ही गंमत मला कधी लागलीच नव्हती.

रावपुरा_जुळारी

हे वाचून जिस्ट कार्डाची आठवण आली. संकेत तोच, फक्त लिपीचा अंगरखा बदलायचा. त्या लोकांनी फार दूरचं पाहिलं होतं.

सयाजीगंजात जुने लॅपटॉप विकणारी आणि दुरुस्त करणारी दुकानं आहेत. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी यंत्रं एकदम काढून टाकतात, तीच तिथे येतात. एक्स६१ आता दुर्मिळ, आणि मिळाला तर पडदा पिवळा पडलेला असण्याची शक्यता मोठी. पांढरं पान उघडून कोपऱ्यांकडे बघा. एक्स२२० किंवा त्याचा मोठा भाऊ टी४२० मिळायला सोपा. तुमच्यासाठी टी४२० बरा वाटतो, पडदा चौदा इंची आहे आणि तुम्ही तो फारसा बाहेर नेणार नाही.

दुकानात गेल्यावर आधी यंत्र सुरू करून, विंडोज उघडायच्या आधी येणाऱ्या सेटअपमध्ये जाऊन बघा, तिथे पासवर्ड मागत असेल तर घेऊ नका. कंपनीने लावलेलं ते कुलूप असतं आणि सहज निघत नाही. मग साधं टेक्स्टचं पान उघडून कीबोर्डवरची एकेक की दाबा, शिफ्टसकट. इनस्क्रिप्टला शिफ्ट फार लागते, ख, घ, छ, ठ, ण, ळ, श सगळी शिफ्टवर, त्यामुळे डावी-उजवी दोन्ही शिफ्ट तपासा. बॅटरी जुनीच असेल, तिच्याकडून आशा ठेवू नका, नवी घ्यावी लागेल. फिरणारी हार्डडिस्क असेल तर काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपची डिस्क, बसवायला सांगा, या मॉडेलांत ते झाकण उघडून काही मिनिटांत होतं आणि यंत्र दहा वर्षांनी तरुण होतं.

फाँटकडे लक्ष द्या. लिनक्स बसवलं की मराठी कधी कधी हिंदी वळणाचं दिसतं, पाकळीचा ल आणि देठाचा श जाऊन दुसरेच येतात. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की बऱ्याच फाँटांत ते सुधारतं. नाहीतर मराठी वळणाचा मुक्त फाँट घ्या, आयआयटी मुंबईचा शोभिका आहे. छापखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला चुकीचा ल दिवसभर समोर सहन होत नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही होणार नाही.

मांजलपूरकर यांचं म्हणणंही मी खोडत नाही. टाइप-सी आणि पॉवर बँकेचा मुद्दा अगदी योग्य आहे, पुराच्या दिवसांत जुना थिंकपॅड त्यापुढे हरतो. पण ताईंकडे निओ असेल तर ती बाजू निओ सांभाळेल.

मांजलपूरकर

मान्य. निओचं मला माहीतच नव्हतं. टी४२० वर लिनक्स बसवायचं असेल तर ताई, मी मांजलपूरलाच राहतो, रविवारी येऊन बसवून देईन. गुजराती कीबोर्डसकट.

कारेलीबाग_वासंती

भाच्याला कळवलं. निओ आण, त्याची केबल आण, तिकडचा १२० व्होल्टचा कुठलाही ॲडॉप्टर आणू नकोस. तो थोडा हिरमुसला, मॉडेल १०० त्याच्या आवडीचा होता. मी त्याला आठ ठिपके आणि दृष्टीचा हिशेब लिहून पाठवला, तर म्हणतो, "मावशी, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." आता तो स्वतः इनस्क्रिप्ट शिकतोय.

थिंकपॅड दिवाळीनंतर बघायला जाईन. मांजलपूरकर, रविवारचं नक्की, सेव-उसळ माझ्याकडे.

शेवटचं विचारते, निओमध्ये चार्ज होणारे सेल चालतात का? दर वेळी नवे आणायचे नाहीत.

तुकोगंज

चालतात. मी चार्ज होणारे निकेल-मेटल-हायड्राइडचे पेन्सिल सेल वापरतो. तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले असू द्या, आणि चार्ज करताना तिन्ही एकदम करा. साधे अल्कलाइन घातलेत आणि पावसाळाभर यंत्र वापरणार नसाल तर काढून ठेवा, ते गळतात आणि आतल्या पट्ट्या खाऊन टाकतात. सेल काढण्याआधी सगळ्या फायली लॅपटॉपवर उतरवून घ्या.